नेपाळला सॉफ्टवेअर विकायचंय? आधी तिथून पैसा कसा निघेल ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावात दोन भागीदारांची छोटी कंपनी आहे. लॉज आणि मध्यम हॉटेलांसाठी त्यांनी सॉफ्टवेअर केलंय. त्यात खोल्यांचं बुकिंग, पाहुण्यांची नोंद, बिलं, हाउसकीपिंग असं सगळं आहे. अलिबाग, महाबळेश्वर, शिर्डी या पट्ट्यात ते बरं चाललंय. आता काठमांडू आणि पोखऱ्यातल्या काही हॉटेलवाल्यांनी विचारणा केली आहे. एक जण यांना सांगतो, "नेपाळ म्हणजे घरच, व्हिसा नाही, यूपीआय चालतं, खुशाल विका." दुसरा म्हणतो, "तिथं डिजिटल टॅक्स आहे, सरकार ॲपं बंद करतं, नादाला लागू नका." तिसऱ्यानं तर थेट तिथं कंपनी काढायचा सल्ला दिलाय. यातलं कुणाचं ऐकावं?

तिघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि तिघंही मुद्द्याच्या बाजूनं गेलेत. मी फोर्टमध्ये बसून सेवा निर्यात करणाऱ्या छोट्या कंपन्यांचे कागद बघते. त्यातल्या बऱ्याच शेजारच्या लहान देशांना विकतात. "तिथं विकायला परवानगी आहे का?" हाच प्रश्न घेऊन बहुतेक जण येतात. नेपाळपुरतं उत्तर सोपं आहे: हॉटेलला सॉफ्टवेअर विकणाऱ्या परदेशी कंपनीवर सरसकट बंदी नाही. पण माल पोचला, वापर सुरू झाला आणि पैसा अडकला, असं होतं. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. नेपाळमधल्या हॉटेलला तुमचं बिल भरायचं असेल, तर त्याच्या बँकेतून तो पैसा कायदेशीरपणे गोरेगावच्या खात्यात कसा येईल? आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधून निघणारं बिल तिथल्या कर खात्याला चालेल का? हे दोन सुटले की बाकीचे नियम सांभाळता येतात.

पहिल्यांदा चलन. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० या दरानं बांधलेला आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दर पक्का आहे म्हणजे व्यवहार सोपा. खरं तर तो दर टिकवण्यासाठीच नेपाळ राष्ट्र बँक, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, सतत डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. भारताकडून त्यांची खरेदी प्रचंड, विक्री थोडी, त्यामुळे भारतीय रुपया कायम कमी पडतो. तो मिळवायला राष्ट्र बँक डॉलर विकते. आणि ते डॉलर येतात मुख्यतः आखातात नि मलेशियात राबणाऱ्या नेपाळी माणसांच्या कमाईतून. तुमच्या परवान्याच्या बिलातला प्रत्येक रुपया असा लांबून आलेला असतो. म्हणून तो देशाबाहेर जाताना तिथली बँक कारण विचारते, कागद मागते, कर भरल्याची पावती मागते.

हे नुसतं बँकेच्या खिडकीपुरतं नाही. २०२२ मध्ये परकीय गंगाजळी घसरली तेव्हा नेपाळनं एप्रिल ते डिसेंबर गाड्या, महागडे मोबाइल, मोठे टीव्ही, दारू अशा वस्तूंची आयातच बंद ठेवली होती. २ मे २०२४ ला तर तिथलं बरंचसं इंटरनेट काही तास बंद पडलं. कारण काय? इंटरनेट कंपन्यांची सरकारकडची देणी थकलेली, त्यामुळे सरकारनं त्यांना परकीय चलनाची परवानगी अडवलेली, आणि भारतातल्या बँडविड्थ पुरवठादाराचे पैसे तुंबलेले. म्हणजे केबल शाबूत, मागणी आहे, देणाऱ्याच्या खात्यात नेपाळी रुपयेही असतील, पण सीमेपलीकडे पैसा निघत नाही म्हणून सेवा बंद. तुमच्या धंद्यातला धोका नेमका या जातीचा आहे.

आता यूपीआयचं. नेपाळमध्ये फोनपे (Fonepay) नावाची कंपनी आहे, आपल्याकडच्या फोनपे (PhonePe) ॲपहून ती वेगळी; मार्च २०२४ पासून तिच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. ती सोय भारतीय पर्यटकानं काठमांडूच्या थामेल बाजारात शाल घेतली किंवा पोखऱ्यात जेवला तर तिथं पैसे देण्यासाठी आहे. तुमच्या वार्षिक परवान्याचं बिल तिकडून इकडे येण्याचा तो रस्ता नाही. डॉलर कार्डचंही तेच. नेपाळमधल्या व्यक्तीला ऑनलाइन परदेशी खरेदीसाठी प्रीपेड डॉलर कार्ड मिळतं, त्याची मर्यादा वर्षाला ५०० डॉलर. हॉटेलवाला उत्साहानं म्हणेल, "माझ्या कार्डावरून भरतो." एखाद्या वेळी जाईलही. पण ते त्याचं वैयक्तिक कार्ड आहे, हॉटेलच्या खर्चात ते धड बसत नाही. पुढच्या वर्षी मर्यादा संपलेली असली की तुमचं नूतनीकरण लटकणार.

याहून मोठा घोळ मुंबईत होतो. तुमच्या हॉटेलवाल्याचा एखादा भाऊ किंवा मेव्हणा मालाडला किंवा नवी मुंबईत असतोच. हॉटेलवाला सांगतो, "मॅडम, कशाला बँकेच्या भानगडी, मेव्हणा तुम्हाला तिथून जीपे करेल, मी इकडे त्याच्या घरी देईन." ऐकायला फार सोयीचं वाटतं. पण यात तीन ठिकाणी घसरण आहे. पैसा भारतातल्याच खात्यातून आला, तर तो निर्यातीचा पैसा आहे हे तुम्ही जीएसटीत दाखवू शकत नाही, आणि १८ टक्के तुमच्या गळ्यात पडतात. हॉटेलच्या वह्यांत त्या खर्चाला बँकेचा पुरावा नाही, म्हणून त्याच्या करसल्लागाराचा ताप. आणि नेपाळच्या बाजूनं बघितलं तर ही सरळ हुंडी आहे, म्हणजे आपला हवाला, तिथं गुन्हा आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्र बँकेनं वुईचॅट पे आणि अलीपे वापरायला बंदी घातली होती, तीही याच कारणानं: चिनी पर्यटक नेपाळमध्ये खरेदी करायचे, पैसे मात्र चीनमधल्या चीनमध्येच फिरायचे. त्या बँकेला कशाची चीड आहे ते यावरून समजा. मेव्हण्याला नमस्कार सांगा आणि पैसे बँकेतूनच मागा.

बँकेतून म्हणजे कसे? फेमा या आपल्या परकीय चलन कायद्याखाली नेपाळ आणि भूतानकडून निर्यातीचे पैसे भारतीय रुपयांत घेता येतात. जीएसटीच्या बाजूनंही अडचण नाही. आयजीएसटी कायद्यात सेवा निर्यातीची जी व्याख्या आहे, तिच्यात परकीय चलनासोबत "रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली असेल तिथं भारतीय रुपये" हेही फेब्रुवारी २०१९ पासून बसवलेलं आहे. त्यामुळे एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरून शून्य दरानं बिल करा. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरायचं असतं, हे मार्चअखेरच्या धांदलीत हमखास राहून जातं. सॉफ्टवेअरची निर्यात म्हटल्यावर सॉफ्टेक्स फॉर्मचा, म्हणजे ती निर्यात जाहीर करण्याच्या अर्जाचा, विषय येतो, तो तुमच्या बँकेशी आणि एसटीपीआय या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेशी पहिल्याच बिलाच्या वेळी मिटवून टाका. पैसा येण्याची मुदत रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ महिन्यांवरून १५ महिने केली आहे. नेपाळच्या व्यवहारात हा श्वास घ्यायला मिळालेला वेळ आहे, उधारी वाढवायला नव्हे.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती कुठल्याही नियमपुस्तकात ठळक दिसणार नाही. नेपाळच्या बँकांची भारतीय बँकांत रुपया खाती असतात. हॉटेलच्या बँकेनं पैसे सोडले की ते या खात्यातून तुमच्याकडे येतात, पुष्कळदा साध्या आरटीजीएससारखे. माझ्याकडच्या एका ग्राहकाचं असंच झालं. आम्ही फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलापाशी बसलो होतो. अधिकाऱ्यानं स्टेटमेंट आमच्याकडे फिरवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हे तर इथल्याइथलं ट्रान्सफर दिसतंय. नेपाळ कुठं लिहिलंय?" खरंच कुठं नव्हतं. पाठवणारी म्हणून एका भारतीय बँकेचं नाव, पुढं लांबलचक आकडा, बस. तिथून पुढे पाठवणाऱ्या बँकेकडून पत्र, मधल्या बँकेकडून दाखला, हॉटेलकडून अर्जाची प्रत, असं करत ते प्रकरण मिटायला बरेच महिने गेले. पैसा पहिल्या दिवशीच आला होता, तो परदेशातून आला हे शाबित करायला वेळ गेला.

म्हणून करारातच एक कलम घाला: पैसे पाठवताना हॉटेलच्या बँकेनं शेऱ्यात बिल क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि पाठवल्याच्या सूचनेची प्रत त्याच आठवड्यात तुम्हाला मेल करायची. तुमच्या बँकेलाही आधी सांगून ठेवा की अशी रक्कम येणार आहे आणि तुम्हाला परदेशी जमेचा दाखला लागणार आहे. नेहमीच्या ब्रँचमध्ये नव्हे, परकीय चलनाचं काम जिथं होतं त्या शाखेत. मुंबईत तरी हा फरक फार पडतो. उपनगरातल्या शाखेतला बिचारा अधिकारी तुम्हाला 'साहेबांना विचारतो' म्हणून दोन आठवडे फिरवेल, कारण त्यानं हा कागद कधी पाहिलेलाच नसतो.

बिलावर चलन स्पष्ट लिहा, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगते. तिकडे बोलण्यात सरसकट "आयसी की एनसी?" असं विचारतात, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. तुम्ही फोनवर "वर्षाला चाळीस हजार" म्हणालात आणि समोरच्यानं एनसी ऐकलं, तर तुमच्या हातात पंचवीस हजारच येणार.

आता कर. इथं मात्र "परिस्थितीवर अवलंबून" हे म्हणावंच लागेल, कारण विकत घेणारा कोण आहे त्यावर सगळं फिरतं. नेपाळनं १७ जुलै २०२२ पासून, म्हणजे त्यांच्या विक्रम संवत २०७९ सालच्या श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून, २ टक्के डिजिटल सेवा कर लावलाय. तुमच्या दुसऱ्या मित्रानं ज्याची भीती घातली तो हाच. पण तो आहे अनिवासी कंपनीनं नेपाळमधल्या ग्राहकांना, म्हणजे साध्या माणसांना, विकलेल्या सेवांवर, तोही ठरावीक वार्षिक उलाढालीच्या वर. सिनेमे दाखवणारं ॲप, गेम, जाहिरात, ऑनलाइन शिकवणी यांनी त्याची काळजी करावी. तुम्ही हॉटेलला विकताय, धंद्याला विकताय. तुमच्या वाट्याला दुसरी जोडी येते: उलटा व्हॅट आणि टीडीएस.

व्हॅट तिथं १३ टक्के. परदेशातून सेवा घेणाऱ्या हॉटेलनं तो स्वतःच भरायचा असतो, आपल्याकडच्या रिव्हर्स चार्जसारखा. हॉटेल व्हॅटमध्ये नोंदलेलं असेल तर ते त्याची वजावट घेतं, म्हणजे त्याच्या खिशाला फारसा फरक पडत नाही. नोंदलेलं नसेल, अगदी लहान होमस्टे असेल, तर हे १३ टक्के त्याला खर्चातच धरावे लागतात. तुमचा दर त्याला महाग का वाटतोय ते अशा वेळी कळत नाही, तो फक्त "बघतो, कळवतो" म्हणतो. उद्या शाळांसाठी काही बनवलंत तर हाच मुद्दा जास्त बोचेल, कारण शिक्षण व्हॅटमधून सुटलेलं आहे आणि शाळेला वजावट नाही.

टीडीएस मात्र थेट तुमच्या खिशाशी. सॉफ्टवेअरच्या परवान्याचं शुल्क रॉयल्टी मानलं की हॉटेल १५ टक्के कापून उरलेले पाठवणार. भारत आणि नेपाळमधला दुहेरी कर टाळण्याचा करार २०१२ पासून लागू आहे, त्यातही रॉयल्टीची कमाल १५ टक्केच. तुमची सेवा रॉयल्टी आहे की धंद्याचा नफा, यावर कागदोपत्री चांगला वाद घालता येतो. मी घातलाही असता. पण बँकेच्या काउंटरवर वाद चालत नाही, तिथं कर भरल्याची पावती चालते, आणि ती जोडल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. त्यामुळे छोट्या रकमांसाठी मी सरळ सांगते: १५ टक्के जाणार असं धरूनच दर ठरवा.

हा हिशेब नीट करा, कारण इथं बरेच जण फसतात. समजा बिल १ लाखाचं. हातात आले ८५ हजार. मग म्हणायचं, "काही नाही, तिथं भरलेल्या कराची सवलत इथं मिळेल." मिळेल, पण त्या उत्पन्नावर इथं जेवढा कर बसतो तेवढ्यापुरतीच. सर्व्हर, पगार, सपोर्ट सगळा खर्च जाता त्या लाखात तुमचा नफा २० हजार असेल, आणि कर २५ टक्के धरला, तर इथला कर होतो ५ हजार. तिथं गेले १५ हजार. म्हणजे १० हजार बुडाले, अर्धा नफा गेला. कपात पूर्ण बिलावर होते आणि सवलत नफ्यावर, ही यातली मेख आहे. शंभर टक्के हातात हवे असतील, तर बिल १,१७,६४७ रुपयांचं करावं लागतं, म्हणजे १५ टक्के कापून १ लाख उरतात. तो बोजा कुणी उचलायचा हे दर सांगतानाच बोला, नंतर नाही. भारताचं कर-निवासाचं प्रमाणपत्र आणि हॉटेलकडून कर भरल्याची पावती, हे दोन्ही हातात नसेल तर ती ५ हजारांची सवलतही विसरा.

याच कारणानं माझा ठाम सल्ला: दरमहा वर्गणी नको. आपल्याकडे महिन्याला दोन-तीन हजारांची वर्गणी हॉटेलवाल्याला झेपते म्हणून तुम्ही तशीच योजना दाखवली असेल. नेपाळमध्ये प्रत्येक वेळी पैसे पाठवायचे म्हणजे प्रत्येक वेळी बिल, करार, कर भरल्याची पावती, अर्ज. हॉटेलचा हिशेबनीस दुसऱ्या महिन्यातच कंटाळतो. वर्षाचं एक बिल, आगाऊ. आणि पहिलं पाऊल म्हणजे डेमो नव्हे. हॉटेलवाल्याला सांगा, "तुमच्या बँकेत जाऊन विचारा, भारतातल्या कंपनीला सॉफ्टवेअरचे पैसे पाठवायला कोणते कागद लागतील, आणि ती यादी मला व्हॉट्सॲप करा." जो गंभीर आहे तो ही यादी आणतो. जो आणत नाही, त्याला डेमो दाखवून तुमचाच वेळ जाणार.

यादी व्हॉट्सॲपवर मागा म्हटलं खरं, पण तुमचा सगळा कारभार व्हॉट्सॲपवर ठेवू नका. हे बंदीचं प्रकरण आता बघू, कारण तुमच्या मित्राची भीती अगदीच पोकळ नाही. टिकटॉकवर नेपाळनं नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. त्यानंतर ४ सप्टेंबर २०२५ ला, नोंदणी केली नाही म्हणून २६ समाजमाध्यमं एकदम बंद करायचा आदेश निघाला. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, लिंक्डइन आणि व्हॉट्सॲपही होतं. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, त्या एका दिवसात १९ माणसं मेली, त्याच रात्री बंदी मागे घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

हॉटेलचं सॉफ्टवेअर कुणी समाजमाध्यम म्हणून बंद करणार नाही. पण तुमच्या सॉफ्टवेअरचा ओटीपी कुठून जातो? बुकिंगची पावती पाहुण्याला कशावर जाते? सपोर्टचा ग्रुप कुठे आहे? तिन्हीचं उत्तर व्हॉट्सॲप असेल, तर त्या चार दिवसांत तुमचं ॲप चालू असूनही मुकं झालं असतं. व्हायबर आणि टिकटॉक नोंदणी केलेले असल्यामुळे त्या यादीतून वाचले होते, आणि नेपाळमध्ये व्हायबर तसंही घरोघरी आहे. ओटीपीला एसएमएस आणि ईमेल, पावतीला ईमेल, सपोर्टला व्हायबरचा जोडग्रुप, एवढं केलं की पुरे. आणि मे २०२४ सारखं इंटरनेटच गेलं तर? काउंटरवर चेक-इन, चेक-आउट आणि बिल हे तीन तरी इंटरनेटशिवाय चालले पाहिजेत. हे तुम्हाला कोकणातल्या वीज जाण्यामुळे आधीच जमलं असेल.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, बिलाकडे. 'डिजिटल व्यापाराचे नियम' म्हणून शोधलंत तर हे कुणी सांगणार नाही, कारण हे डिजिटल व्यापाराच्या कायद्यात नाहीच, कर खात्याच्या कार्यविधीत आहे. नेपाळमध्ये संगणकावरून कर बिल द्यायचं असेल, तर ते सॉफ्टवेअर तिथल्या आंतरिक राजस्व विभागाच्या २०७४ सालच्या, म्हणजे आपल्या २०१७ च्या, कार्यविधीत बसावं लागतं. विभागाकडे त्या सॉफ्टवेअरची नोंद लागते. बिल एकदा निघालं की खोडता किंवा बदलता येता कामा नये, रद्द करायचं तर त्याची नोंद राहिली पाहिजे, क्रमांकात खंड चालत नाही, कुणी कधी काय केलं याचा माग हवा. मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांची बिलं विभागाच्या मध्यवर्ती यंत्रणेला थेट जोडावी लागतात.

आता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकावून बघा. रात्री अकराला पाहुणा काउंटरवर येतो, म्हणतो बिलावर कंपनीचं नाव टाकून द्या. अलिबागला तुमचा कॅशियर बिल उघडतो, नाव बदलतो, पुन्हा छापतो, पाहुणा खूश. काठमांडूत हे बटण असणंच नियमाबाहेर आहे. तिथं पुन्हा छापलेल्या कागदावर ती प्रत आहे हे आपोआप आलं पाहिजे, आणि नाव बदलायचं तर आधीचं बिल रीतसर रद्द. तुमच्याकडे 'एडिट बिल' हे सगळ्यात आवडतं बटण असणार, मला खात्री आहे. तारखाही विक्रम संवतात लागतील, आणि आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून, साधारण जुलैच्या मध्यापासून, म्हणजे क्रमांक तेव्हा नव्यानं सुरू. विक्रम संवताचे महिने २९ ते ३२ दिवसांचे असतात आणि दर वर्षी बदलतात. त्यामुळे सूत्र लिहून भागत नाही, तक्ताच घालावा लागतो. कराचे दरही कोडमध्ये घट्ट बसवू नका. त्यांच्या राज्यघटनेनुसार अर्थसंकल्प ज्येष्ठ १५ ला, मेच्या शेवटी मांडतात, आणि प्रत्येक वर्षीचा आर्थिक कायदा काहीतरी हलवतोच.

यातून मार्ग दोन. एक, बिलाचा भाग तुम्ही करूच नका. खोल्या, बुकिंग, हाउसकीपिंग तुमचं, आणि कर बिल तिथल्याच मान्य सॉफ्टवेअरमधून, दोघांमध्ये जोडणी. सुरुवातीच्या तीन-चार हॉटेलांसाठी मी हेच सुचवेन. दोन, तिथला भागीदार घ्या. त्याची नेपाळमध्ये कंपनी, तो विभागाकडे नोंद करून घेतो, हॉटेलांना नेपाळी रुपयांत बिल देतो, व्हॅट सांभाळतो, सपोर्ट देतो, आणि तुम्हाला वर्षातून एक-दोनदा मोठी रक्कम पाठवतो. वीस हॉटेलांच्या वीस फाइलींऐवजी एक फाइल. पैशाचा तोच रस्ता, पण चालणारा एकच, आणि त्याला वाट पाठ. अर्थात मग ग्राहक त्याचे होतात, हे उघड आहे. म्हणून करारात लिहा की हॉटेलांचा डेटा तुमच्या सर्व्हरवर, नाव तुमचं, आणि भागीदारी तुटली तर हॉटेलांना थेट तुमच्याकडे यायचा हक्क. हे न लिहिता भागीदार घेणार असाल तर नका घेऊ.

स्वतःची कंपनी तिथं काढायचा सल्ला आत्ता बाजूला ठेवा. परदेशी गुंतवणुकीची मंजुरी, तिथला ऑडिट, नफा मायदेशी आणायला पुन्हा तीच राष्ट्र बँक. दहा हॉटेलांसाठी हा संसार मांडायचा नसतो.

बुकिंगबद्दल एक इशारा. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटमागे तुमचं इंजिन चालत असेल तर विक्रेता हॉटेल आहे. पण तुमच्या नावाचं पोर्टल काढून त्यावर नेपाळची हॉटेलं दाखवलीत, पाहुण्यांकडून पैसे घेऊन मग हॉटेलला दिलेत, तर तुम्ही वेगळ्याच वर्गात जाता. नेपाळनं २०८१ सालचा विद्युतीय व्यापार (ई-कॉमर्स) कायदा केलाय, तो २०२५ मध्ये लागू झाला. त्यात ऑनलाइन विक्रेत्यांची सरकारी पोर्टलवर नोंद, नाव-पत्ता, परतफेडीच्या अटी, तक्रारीची सोय हे सगळं आलं. शिवाय दुसऱ्यांचे पैसे गोळा करायला राष्ट्र बँकेचा परवाना लागतो. पैशाला हात लावू नका, हॉटेल आणि तिथल्या परवानाधारक गेटवेचं ते आपसात.

पाहुण्यांचा डेटा, म्हणजे पासपोर्टचे फोटो वगैरे, हा विषय नेपाळमध्ये २०१८ च्या वैयक्तिक गोपनीयता कायद्याखाली येतो. कशासाठी घेतला तेवढ्याच कामाला वापरायचा, संमतीशिवाय पुढे द्यायचा नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात एक उपयोगी कलम आहे: परदेशी कंपनीशी करार करून परदेशातल्या लोकांचा डेटा भारतात हाताळत असाल, तर बऱ्याच जबाबदाऱ्यांतून सूट मिळते. सुरक्षेची जबाबदारी मात्र राहतेच. हॉटेलशी करार लेखी ठेवा, त्याशिवाय ही सूट मागता येणार नाही.

कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते, हे उत्तर नेपाळचं आहे, सगळ्या लहान देशांचं नाही. भूतानचं चलन आपल्या रुपयाला एकास एक आहे, २०१२ मध्ये तिथंही रुपयाची मोठी टंचाई झाली होती, म्हणून पैशाचा प्रश्न तिथंही पहिला. मॉरिशसला उलट आहे. त्यांनी परकीय चलनाचे निर्बंध १९९४ मध्येच उठवले, पैसा सहज येतो, पण २०१७ चा त्यांचा डेटा संरक्षण कायदा युरोपच्या धर्तीवरचा आहे, तिथं मी आधी पाहुण्यांच्या डेटाचे कागद बघेन. मोठे देश नियम छापून ठेवतात आणि तुम्ही ते वाचता. लहान देशात कशाची टंचाई आहे ते आधी हुडकावं लागतं, नियम तिच्याभोवती उभे असतात.

तुम्ही आत्ता तीन हॉटेलांशी बोलताय असं लिहिलंय. तिघांना बँकेच्या कागदांची यादी मागा, त्यांचा प्यान (तिथला पॅन क्रमांक) आणि व्हॅट नोंदणी आहे का विचारा, आणि सध्या बिल कुठल्या सॉफ्टवेअरमधून देतात ते विचारून घ्या. इकडे कर-निवासाच्या प्रमाणपत्राचा अर्ज या आठवड्यातच टाका, त्याला वेळ लागतो. आणि पहिल्या हॉटेलकडून पूर्ण वर्षाचे नव्हे, आधी बसवणीच्या खर्चाची छोटी रक्कम मागवा. ती रीतसर कर कापून, पावतीसह, शेऱ्यात बिल क्रमांक लिहून तुमच्या खात्यात पोचली, बँकेनं दाखला दिला, की मग बाकीच्या दोघांना दर पाठवा.